पहिल्या गोळीपासून सुरक्षित? कोणी सांगितलं?

सकाळी सहाला भाचीचा मेसेज: ‘मावशी, हे खरं आहे ना?’ खाली तोच फॉरवर्ड, जो आठवडाभरात मला आणखी दोघींकडून आला होता. प्रत्येक ओळीपुढे हिरवी बरोबरची खूण. पहिलीच ओळ: ‘गर्भनिरोधक गोळी महिन्यात केव्हाही सुरू करा, दोन तासांत संरक्षण सुरू. कंडोमची गरज नाही.’

भाचीने गोळ्या सुरू केल्या पाळीच्या १२व्या दिवशी. तिसऱ्या गोळीच्या रात्री कंडोम वापरला नाही. का, तर हिरवी खूण होती.

दोन तासांत गोळी विरघळते आणि हार्मोन रक्तात उतरू लागतात, एवढंच. ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन असलेली नेहमीची गोळी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प बसवते, मग अंडाशयाला बीज सोडण्याचा निरोप मिळत नाही. हे बस्तान बसायला रोज न चुकता घेतलेल्या ७ गोळ्या लागतात. बाराव्या दिवशी तर बीज बऱ्याचदा बाहेर पडण्याच्या बेतात असतं. दोन-तीन गोळ्यांनी ते थांबेलच याचा काय भरवसा? त्यात शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरतात.

आता नाइलाजाने एक कबूल करते. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या ५ दिवसांत ही नेहमीची गोळी सुरू केली, तर संरक्षण खरंच लगेच मिळतं, कारण तेव्हा बीज तयार व्हायला अजून अवकाश असतो. फॉरवर्डवाल्याने हे अर्धं कुठेतरी ऐकलं असावं आणि वर ‘केव्हाही’ चिकटवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही अर्धी आहेत: ५ दिवसांच्या आत सुरू केली तर वेगळं काही नको, त्यानंतर सुरू केली (गर्भ राहिलेला नाही याची खात्री असेल तर करता येते) तर ७ दिवस कंडोम किंवा संबंध टाळायचे. फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळीला २ दिवस पुरतात, कारण ती मुख्यतः गर्भाशयमुखाजवळचा स्राव घट्ट करून शुक्राणूंना अडवते. फक्त ड्रोस्पायरेनोन (हेही एक प्रोजेस्टोजेनच) असलेल्या नव्या गोळीला मात्र ७च. आपली गोळी कोणती हे ठाऊक नसेल तर सरळ ७ मोजा.

‘मधे रक्ताचे डाग दिसले म्हणजे गोळी लागू पडली.’ काहीही! सुरुवातीच्या महिन्यांत डाग पडतात, कुणाला पडत नाहीत. त्यावरून संरक्षणाचं काहीच कळत नाही.

‘एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं.’ नेहमीच्या गोळीबाबत हे बरोबर आहे. पण सलग दोन चुकल्या तर पुन्हा ७ दिवसांची मोजणी, हे गाळलंय. सगळ्यात वाईट चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. आधीच ७ दिवसांची सुट्टी झालेली असते, ती लांबली की अंडाशय जागं होतं.

‘संबंधानंतर पाकिटातली एक गोळी घेतली तरी पुरे.’ नाही. त्यासाठीची इमर्जन्सी गोळी वेगळी असते. आणि ती घेतल्यावर पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नसतं.

भाचीला फोन करून एवढंच सांगितलं: आज दुपारच्या आत डॉक्टरांना गाठ आणि इमर्जन्सी गोळीचं विचार. ५ दिवसांपर्यंत वाव असतो, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. पाकीट पुढे चालू ठेवायचं का, कंडोम किती दिवस, तेही त्यांनाच विचार. आणि कालच्या रात्रीपासून तीन आठवडे मोजून चाचणी कर, मधे रक्तस्राव झाला तरीही.

‘फॉरवर्ड कुणी पाठवला?’ विचारलं. म्हणाली, ‘मावशी, तुमच्याच ग्रुपवरून आला.’