उन्हात साखर उडत नाही, पाणी उडतं

‘बाजारचं विष सोडा, फळं घरी वाळवा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. उन्हात वाळवलेल्या फळातली साखर सूर्यकिरणांनी नाहीशी होते, म्हणून मधुमेहींनी ती सकाळ-संध्याकाळ मूठभर खावीत आणि गोळ्या हळूहळू कमी कराव्यात. बाजारातले बेदाणे इंजिन ऑइलमध्ये बुडवलेले आणि फटाक्यांच्या गंधकाने पिवळे केलेले असतात. घरी मात्र स्ट्रॉबेरीपासून चिकूपर्यंत कुठलंही फळ, कुठल्याही महिन्यात, दोन दिवसांत वाळतं; जीवनसत्त्वं पाचपट होतात; वर पांढरं काही दिसलं तर ती साखर, पुसून खा; आणि डबा पाच वर्षं टिकतो. शेवटी नेहमीचं ‘वीस जणांना पाठवा’.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण आमच्या आत्याने हा मनावर घेतला. तिला जुनी शुगर आहे. शेतावरून आलेली द्राक्षं तिने गच्चीवर वाळवली, चहा मात्र न चुकता बिनसाखरेचा, आणि त्या चहासोबत वाटीभर बेदाणे. मी बोलले तर म्हणते, “अगं, उन्हात वाळलंय ना, साखर गेली त्यातली.” आणि रात्रीची गोळी अर्धी केलेली.

तर आधी साखर. बाकीचं नंतर बघू.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाने तरी या थापेला बळी पडू नये. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात तेव्हा काय उडून जातं आणि कढईत काय उरतं? साखर उडत असती तर गूळ कुणी पाहिलाच नसता. उन्हाने फळातलं पाणी जातं. साखरेची वाफ होत नाही. फार तापवली तर ती करपते, आणि तेवढी उष्णता गच्चीवर वैशाखातही मिळत नाही. चार किलो द्राक्षांचे साधारण एक किलो बेदाणे होतात, हे बेदाण्याच्या शेडवरचा कुठलाही गडी सांगेल. म्हणजे चार किलोंतली साखर एका किलोत येऊन बसली. आकडेच हवे असतील तर शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत पंधरा-सोळा ग्रॅम साखर असते आणि शंभर ग्रॅम बेदाण्यांत साठच्या आसपास. एक भरगच्च मूठ चाळीस ग्रॅम धरली तर चोवीस-पंचवीस ग्रॅम साखर झाली, चहाचे पाच चमचे. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. आणि चहा बिनसाखरेचा!

‘पण स्ट्रॉबेरी तर गोड नसते’ असंही मला ऐकवण्यात आलं. ताजी स्ट्रॉबेरी खरंच कमी गोड असते, शंभर ग्रॅमला जेमतेम पाच ग्रॅम साखर, कारण तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. महाबळेश्वरची एक किलो स्ट्रॉबेरी चकत्या करून वाळवली की हाताशी शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात, आणि त्या किलोभरातली पन्नासेक ग्रॅम साखर त्यातच असते. ताजी एक किलो स्ट्रॉबेरी एका बैठकीत कुणी खात नाही. वाळलेली शंभर ग्रॅम टीव्ही बघता बघता संपते. चिकूचं तर बोलायलाच नको, तो मुळातच साखरेचा गोळा. घोलवड-डहाणूकडचे चिकूचे चिप्स छान लागतात ते त्याचमुळे.

याचा अर्थ शुगरवाल्याने बेदाण्याला हातच लावू नये असा नाही. सुक्या फळात तंतू असतात, आणि मोजून थोडी खाल्ली तर बेदाण्याने रक्तातली साखर पांढऱ्या पावासारखी झपकन वर जात नाही. पण किती खायचं आणि कशाच्या बदल्यात, हे तुमचा डॉक्टर ठरवेल. गोळी अर्धी करायची की नाही हेसुद्धा तोच ठरवेल, मेसेज नव्हे.

आता बेदाण्यांवरचा आरोप. हा वाचून मला आत्याच्या वाटीइतकाच राग आला, कारण तासगाव भागातल्या कित्येक घरांचं वर्ष या शेडवर अवलंबून असतं. द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखा नैसर्गिक थर असतो, पाणी बाहेर जाऊ न देणारा. तसेच वाळत टाकले तर मणी तीन-चार आठवडे घेतात आणि मधेच आंबायला लागतात. म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून किंवा त्याची फवारणी करून द्राक्षं जाळीच्या रॅकवर सावलीत टाकतात. मग पंधरवड्याच्या आसपास माल तयार होतो. पोटॅशियम कार्बोनेट हा लाकडाच्या राखेतला क्षार. डिपिंग ऑइलमधला मुख्य घटक इथिल ओलिएट. तो वनस्पती तेलातल्या ओलिक आम्लापासून होतो. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरून हेच दोन हजार वर्षांपूर्वीपासून करत आलेत. इंजिन ऑइलमध्ये बुडवलेल्या बेदाण्याला तासगावच्या सौद्यात कोण बोली लावेल, हा साधा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडला नाही. मणी हातात घेऊन, तोंडात टाकून पारखणारे व्यापारी असतात ते.

गंधकाचं मात्र निम्मं खरं आहे, आणि ते मान्य करायला जिवावर येतंय. पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीनेच तसा होतो. गंधक जाळलं की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो फळ काळं पडू देत नाही, बुरशीला रोखतो, आणि त्याचा काही अंश मालात राहतो. दमा असलेल्या काही जणांना याचा खरोखर त्रास होतो, कधी गंभीरही. अमेरिकेत याच कारणाने 1986 मध्ये कच्च्या खायच्या ताज्या फळांवर आणि भाज्यांवर सल्फाइट, म्हणजे याच वायूपासूनची रसायनं, वापरायला बंदी आली. सुक्या फळांना ती लागू नाही, तिथे लेबलवर लिहावं लागतं. आपल्याकडेही पाकिटावर ‘आयएनएस 220’ दिसलं तर ते हेच. सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, ही तक्रार कुणी केली तर मी सोबत सही करीन. घरात दमेकरी असेल तर धुरी न दिलेला माल मागा किंवा खुशाल घरी वाळवा. पण ‘विष’? आपल्या बहुतेक साखर कारखान्यांत उसाचा रस निवळून साखर पांढरी करायला हाच वायू वापरतात. मेसेज लिहिणारा चहा गुळाचा पीत असेल अशी आशा आहे.

मग घरी वाळवावं की नाही? जरूर वाळवावं. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, सुकी बोरं, हे सगळं आपण कुणाच्या मेसेजवाचून करत आलोय. पण ‘कुठल्याही महिन्यात दोन दिवसांत’ हे कोकणातल्या बाईला सांगून बघा. कोकमाची सालं पुन्हा पुन्हा रसात घोळवून वाळवताना तिचा एक डोळा आभाळाकडे असतो, पहिल्या पावसाआधी सगळं आत यायला हवं म्हणून. घरी अन्न टिकवण्याबद्दल अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात एक राष्ट्रीय केंद्र आहे, तिथली माहिती मी अशा वेळी प्रमाण मानते. ते सांगतात की उन्हात फळं वाळवायला तापमान किमान 30 अंश आणि हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली हवी, रात्री ताटं झाकायची किंवा आत घ्यायची, आणि दोन नव्हे, कितीतरी दिवस लागतात. फळात आम्ल आणि साखर असते म्हणून ती तरी उन्हात निभावतात. भाज्या आणि मांस असं वाळवू नका, असंही ते बजावतात. द्राक्षं, जांभळं यांच्यासारखी सालवाली फळं आधी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून गार पाण्यात टाकली की सालीला बारीक भेगा पडतात आणि वाळणं लवकर होतं. आत्याने हे केलं नव्हतं. तिची द्राक्षं बाहेरून सुरकुतलेली आणि आत चिकट होती.

इथेच तो पांढऱ्या थराचा सल्ला घातक ठरतो. एक तर उन्हाने साखर उडून गेली म्हणता, मग ती पांढरी होऊन वर आली कुठून? जुन्या अंजिरावर किंवा बेदाण्यावर साखरेचे खडे येतात हे खरं. ते खरखरीत असतात आणि कोमट पाण्यात विरघळतात. बुरशी लोकरीसारखी असते, हिरवट-काळी पडते, कुबट वास मारते. द्राक्षावरच्या काही काळ्या बुरश्या ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो, आणि ते पुसून, धुऊन किंवा पुन्हा उन्हात ठेवून जात नाही. युरोपात सुक्या द्राक्षांसाठी त्याची कायदेशीर मर्यादा ठरवलेली आहे. जुन्या मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असू शकतात, आणि मेसेज नेमका त्याच माणसांना ‘पुसून खा’ सांगतोय. संशय आला की सगळा डबा फेकायचा.

सोपी परीक्षा आहे. वाळलेली फळं काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरायची, झाकण लावायचं, आठवडा-दहा दिवस रोज हलवायची. काचेला आतून पाण्याचे थेंब दिसले तर माल ओला आहे, परत वाळत टाका. आत्याच्या बरणीला दुसऱ्याच दिवशी खांद्याशी थेंबांची माळ धरली होती. पाच वर्षं टिकणारा माल तो हाच! गच्चीवर वाळवलेल्या मालात किड्यांची अंडीही असतात. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून ती मारता येतात. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

जीवनसत्त्वांचं पटकन. शंभर ग्रॅम द्राक्षांत सी जीवनसत्त्व तीन मिलिग्रॅमच्या थोडं वर. चौपट आटल्यावर बेदाण्यांत ते बाराच्या वर हवं, असतं दोनच्या थोडं वर. म्हणजे बहुतेक उडालं. मेसेजमध्ये साखर उडते आणि जीवनसत्त्व वाढतं. प्रत्यक्षात नेमकं उलट.

आणि ती पाच वर्षं. त्याच केंद्राच्या मते बहुतेक सुकी फळं 16 अंशांना वर्षभर टिकतात, 27 अंशांना सहा महिने. मिरजेच्या स्वयंपाकघरात उन्हाळ्यात पारा सहसा 27 अंशांच्या वरच असतो. बरणी फ्रीजमध्ये ठेवा, वर वाळवल्याची तारीख लिहा.