प्राण्यांसाठी पत्र लिहिताय? मग असं लिहा

गल्लीतल्या पिल्लावर कुणी उकळतं पाणी ओतलं आणि तुमचं डोकं फिरलं, तर आधी चहा घ्या. डोकं फिरलेलं असताना लिहिलेलं पत्र नेमकं असतं, आणि नेमक्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. लोकप्रतिनिधींना उगाच कशाला त्रास?

सुरुवात संतांपासून करा. तूप घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव, गाढवाला गंगाजल पाजणारे एकनाथ, रेड्यामुखी वेद. संत जितके जास्त, तितकी मागणी कमी दिसते. दीड पानानंतर 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच लिहा. योग्य ती म्हणजे कोणती, हे चुकूनही लिहू नका.

आकडा तर अजिबात नको. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारा कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. ठाणे स्टेशनहून वर्तकनगरला रिक्षाने गेलात तर मीटर त्याच्या पुढे जातो. म्हणजे पिल्लाला भाजणं रिक्षापेक्षा स्वस्त. जीवच गेला किंवा जनावर लुळं झालं, तर न्याय संहितेचं ३२५ वं कलम आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पण नुसतं भाजून जिवंत राहिलेल्या पिल्लाने एवढी अपेक्षा करू नये.

पत्र कुणाला? हा विषय समवर्ती सूचीत आहे. खासदार म्हणतील राज्याचा, आमदार म्हणतील केंद्राचा, आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं. तुम्ही महापालिकेला लिहा. नसबंदी आणि लसीकरण तिच्याकडे, दंडाची रक्कम नाही. म्हणजे पत्र अगदी योग्य ठिकाणी चुकेल.

आमदारांना या कायद्याला हात लावता येतो, हे मात्र मनातच ठेवा. २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने लावला होता. बैलगाडा शर्यतींसाठी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्काही मारला. पन्नास रुपये तिथेच, त्याच कायद्यात अंग चोरून बसले होते. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांची मतंही मागवली होती. मुदत ७ डिसेंबरपर्यंत. तेव्हा तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर रडके चेहरे टाकत होतात. उत्तम केलंत. उगाच रुक्मिणीदेवी अरुंडेल व्हायला जाऊ नका. त्या बाईंनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं, सरकारने शब्द दिल्यावर मागे घेतलं, आणि काही वर्षांनी हा १९६० चा कायदा आला. एका माणसाने नेमकं मागितलं की असे घोटाळे होतात.

मी स्वतः मात्र एकदा चुकलो. पत्र टपालात टाकायचं सोडून थेट जनसंपर्क कार्यालयात गेलो. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर वाढदिवसाचे बॅनर गुंडाळून ठेवलेले. टेबलामागचा मुलगा अगदी नम्र होता.

"काका, काम काय?"

"कुत्र्याचं."

"चावला?"

"नाही, त्याला भाजलंय."

"मग तक्रार कोणाची आहे?"

"माझी."

"पण तुम्हाला काय झालंय?"

मी पत्र पुढे केलं. त्यात संत नव्हते, ११ वं कलम होतं, पन्नासचा आकडा होता आणि 'अधिवेशनात हा प्रश्न मांडावा' अशी सरळ विनंती होती. त्याने ते खरंच दोनदा वाचलं. मग रजिस्टर उघडलं. रकाने आखलेले होते: पाणी, गटार, शाळा प्रवेश, हॉस्पिटल, शिफारस. पेन बराच वेळ वरून फिरत राहिलं.

"पिल्लू असतं कुठे?"

"गटारापाशी."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

आठव्या दिवशी दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि आमच्या गटारावर नवंकोरं सिमेंटचं झाकण बसवून गेली. माझी सही घेतली. तक्रार निकाली. पिल्लू आता त्या झाकणावर झोपतं, भाजलेली बाजू वर करून.