शाळेत भाडेकरू आले तर बिघडलं कुठे?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस रणकंदन चालू आहे. परळमधली आमची मराठी शाळा बंद पडली, इमारत तशीच उभी. आता संस्था तिथल्या वर्गांची घरं करून भाड्याने द्यायच्या विचारात आहे म्हणे. झालं, 'विद्येच्या मंदिरात बिऱ्हाडं नकोत' असं निषेधाचं पत्र तयार! सगळ्यांनी सह्या ठोकल्या, मी केली नाही.

का, ते सांगतो. सह्या करणाऱ्यांपैकी एकाचंही पोर त्या शाळेत गेलेलं नाही. माझी मुलगीही नाही गेली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली घरं रिकामी होत गेली, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. जे उरले त्यांनी, म्हणजे आम्हीच, पोरांना इंग्रजी शाळेत घातलं. चार तुकड्यांची एक झाली, मग तीही गेली. तेव्हा कुणी पत्र लिहिलं नव्हतं.

परवा वॉचमनला गाठून आत जाऊन आलो. वर्ग पावलांनी मोजला. वीस बाय पंचवीस फूट असेल, म्हणजे ५०० चौरस फूट. बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात आता मिळतं ना, साधारण तेवढंच घर! पुढे लांब गॅलरी, दोन्ही टोकांना जिने, छत एवढं उंच की आरामात पोटमाळा निघेल. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही चाळच वाटणार. फळ्यावर खडूने काढलेली उपस्थितीची चौकट अजून आहे. हजर: ११.

अडचण भावनेची नाही, पाइपांची आहे. मुताऱ्या प्रत्येक मजल्याच्या टोकाला. घरोघरी मोरी-संडास द्यायचा तर मागच्या भिंतीवरून नव्या ड्रेनेज लाइनी उतरवाव्या लागतील, वॉटरप्रूफिंग करावं लागेल, त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट. खर्च आहेच. पण पाडून टॉवर उभा केला तर आपल्यापैकी कुणाला परवडणार तिथे?

आणि भाडेकरू कोण, याचा जरा विचार करा. पाच-दहा मिनिटांवर केईएम, वाडिया, टाटा हॉस्पिटल. नाइट ड्युटी संपवून कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या नर्स, वॉर्डबॉय. टाटाच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकून राहणारी पेशंटची माणसं तर आपण रोज ओलांडून जातो. दोन वर्ग त्यांच्यासाठी महिन्या-दोन महिन्यांच्या बोलीवर ठेवायला काय हरकत आहे?

'एकदा घुसले की निघत नाहीत' हा मुद्दा ग्रुपवर तीनदा आला. मांडणारा स्वतः पागडीच्या खोलीत वाढलेला, आजोबांच्या काळचं भाडं भरत! अरे, १९४७ चा भाडे कायदा जाऊन १९९९ चा आला. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर दिलेली जागा मुदत संपून सोडली नाही, तर त्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. ताबा मिळायला वेळ लागतो हे मान्य, पण म्हणून जागा कुजवत ठेवायची?

माझी भीती वेगळीच आहे. विकास आराखड्यात जागा शाळेची असेल तर वापर असा परस्पर बदलता येत नाही. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करायचा तर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आज 'भाड्याने' म्हणून फेरबदल करून घ्यायचा आणि पाच वर्षांनी गुपचूप बिल्डरच्या घशात घालायचं, हे मुंबईत आपण पाहिलेलं नाही असं कुणी म्हणू नये. तेव्हा निषेधाचं पत्र फाडा आणि वेळ आली की तिथे सूचना लिहा: एकही खोली विकायची नाही, आणि तळमजल्यावर वस्तीतल्या पोरांसाठी रात्री उघडी राहणारी अभ्यासिका. त्या कागदावर पहिली सही माझी.

आणि हो, सातवी 'ब'च्या खिडकीकडचा कोपरा गळतो. अख्खा पावसाळा मी तिथे मांडीवर दप्तर घेऊन बसलोय. ती खोली द्यायच्या आधी तेवढं बघून घ्या.