मागचा मागचं बघेल

मालक, नवी गाडी घेतलीत, अभिनंदन. दहा चाकी आहे, कर्जावर घेतली आहे, हप्त्याची तारीख काही चुकायची नाही. म्हणजे इथून पुढे प्रत्येक रुपया दहादा मोजूनच हातातून सोडायचा. आणि नेमकं इथेच केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 तुम्हाला आडवे येणार. ट्रकवर काय काय बसवायचं याची त्यातली यादी वाचली की आपण माल वाहायला निघालोय की वरात काढायला, असा प्रश्न पडतो. पण घाबरू नका. यादी जरा शांतपणे बघा. त्यातलं निम्म्याहून जास्त सामान मुळात तुमच्यासाठी नाहीच! मागचा गार्ड मागून येणाऱ्या मोटारीसाठी, बाजूचा गार्ड दुचाकीवाल्यासाठी, चमकणारी पट्टी अंधारात येणाऱ्यासाठी, त्रिकोण त्याच्याही मागून येणाऱ्यासाठी. यातला एक तरी तुमच्या भावकीतला आहे का?

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मागचा गार्ड घ्या. नियम म्हणतो, त्याची खालची कड जमिनीपासून 550 मिलिमीटरपेक्षा वर असता कामा नये. का, तर आपला हौदा लहान मोटारीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. मागून मोटार आली आणि तिचा ब्रेक वेळेत लागला नाही, तर बॉनेट हौद्याखाली शिरतं आणि हौद्याची कड थेट पुढच्या काचेवर येते. मोटार कंपनीनं एअरबॅग दिली, पुढचा भाग चेपून धक्का सोसेल असा बनवला, ते सगळं कामाला येतं कधी? बॉनेट कशावर तरी आदळलं तर. हा गार्ड म्हणजे ती आदळायची जागा. आता तुम्हीच सांगा, कुणाला तरी व्यवस्थित आदळता यावं म्हणून लोखंडाचे पैसे आपण घालायचे?

कायद्याला गार्ड हवाय ना, गार्ड द्या. भंगारातून एक लोखंडी चॅनेल उचला, वेल्डिंगचे दोन टाके मारून घ्या, वर पिवळे-काळे पट्टे ओढा. लांबून रुबाबदार दिसतो. जवळून बघणारा तसाही बघून सांगायला उरत नाही. डंपर असेल तर आणखी सोय आहे. खडी ओतताना गार्ड आड येतो, म्हणून त्याला बिजागरी लावून घ्यायची आणि ओतताना वर दुमडायचा. ओतून झाल्यावर खाली घ्यायचा असतो म्हणतात. तेवढ्यासाठी कोण खाली उतरतंय?

बाजूच्या गार्डचा प्रश्न पुण्यात जरा नाजूक आहे. इथला दुचाकीवाला तुमच्या डावीकडून जातो, उजवीकडून जातो आणि त्याच्या मते जागा असेल तर खालूनही जायला बघतो. तो पडला तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत जाऊ नये, म्हणून हा गार्ड. मार्केट यार्डाच्या बाहेर उभ्या असलेल्या एका ट्रकला मी फार सुंदर नमुना पाहिला. मुळात तीन आडव्या पट्ट्या असाव्यात. सगळ्यात खालची गायब, म्हणजे जी खरी कामाची तीच. मधली एका बाजूनं निखळलेली, तारेनं आवळलेली. वरच्या पट्टीवर क्लीनरचं बनियन आणि पंचा वाळत घातलेला, टोकाला सुतळीनं बांधलेला पाण्याचा कॅन आणि फटीत खोचलेला दात घासायचा ब्रश. पाहून मन भरून आलं. घरातल्या वस्तूचा असा पुरेपूर वापर आता कोण करतं?

चमकणाऱ्या पट्टीचे रंग ठरलेले आहेत. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. म्हणजे रात्री लांबून बघणाऱ्याला गाडीची कुठली बाजू आपल्याकडे आहे ते कळावं. अस्सल पट्टीवर मंजुरीचा शिक्का असतो, नकली पट्टीवर नुसती चमक असते, आणि तीही पहिल्या पावसापर्यंत. तुम्ही अर्थात दुसरी घ्या, फुटावर मिळते. अस्सलच घ्यायची वेळ आली तर तिच्यावरून ताडपत्री जरा सैल सोडा, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, खाली येईल इतकी. राहिलेल्या जागेत ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ बसवा. ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्र सरकारनं 2015 साली बंदी घातली होती, हे कानावर आलं असेल. येऊ द्या. लिहायचंच, आणि चांगलं ठसठशीत. टेललॅम्प आड येत असेल तर पेंटरला म्हणावं, त्याच्यावरूनच घे ब्रश. दिव्याला तसंही फार कोणी विचारत नाही.

आदर्शच डोळ्यांपुढे ठेवायचा असेल तर कारखान्यांचा हंगाम चालू असताना रात्री सोलापूर रस्त्यानं दौंडच्या बाजूला जाऊन या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. मागे दिवा नाही, कारण दिव्याची वायर पहिल्याच खेपेत तुटते आणि ऊस काही दुसऱ्या खेपेसाठी थांबत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, हार घातले जातात, फोटो निघतो. मग पट्टी वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, जाते ती पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत दिसत नाही. पण ट्रॅक्टरवर स्पीकर असा लावलेला असतो की गाणं शिवारापलीकडे पोचावं. म्हणजे ट्रॉली दिसत नसली तरी ऐकू येते. सुरक्षेचा याहून स्वस्त आणि करमणूक करणारा उपाय माझ्या तरी पाहण्यात नाही.

गाडी रस्त्यात बंद पडली, तर? लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर नेऊन ठेवायचा, असं सांगतात. तो त्रिकोण सीटखाली पॅकिंगसकट ठेवा, खराब होईल. रस्त्याकडेची बाभळीची फांदी तोडा, चार दगड मांडा. हिरवी फांदी रात्री चमकत नाही, हे खरं आहे. पण मागच्यानं दिवे लावलेले असतीलच की! गाडी दुरुस्त झाली की फांदी आणि दगड तिथेच ठेवून निघा. पुढे कुणाची गाडी तिथेच बंद पडली तर बिचाऱ्याला तयार मिळतील.

‘ब्रेक तरी आपल्यासाठीच असतात ना?’ असं विचारणारे काही हळवे मालक भेटतात. त्यांना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरायला सांगा. लांबलचक उतार, खाली शहर. पाटी म्हणते, गाडी गिअरमध्ये ठेवा. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे की उतारावर न्यूट्रल करायचं, डिझेल वाचतं. मेकॅनिक सांगतो की हल्लीच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. मेकॅनिकला काय कळतंय, त्यानं कधी ट्रिपचा हिशेब दिलाय?

त्याहून हुशार माणूस सरळ चावीच फिरवतो. हवेच्या ब्रेकला हवा लागते, हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत उरली असेल तेवढीच हवा तुमची. शिवाय इंजिनाची ओढ नाही म्हणजे सगळं वजन ब्रेकवर, चाकातले ड्रम तापले की त्यांना आवळणारा ब्रेकचा लायनर धरत नाही, आणि पॉवर स्टिअरिंग हातात दगड होऊन बसतं. 20 नोव्हेंबर 2022 ला रात्री याच उतारावर एक अवजड गाडी सुटली आणि 40 हून जास्त गाड्यांना धडकत गेली. ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल किती वाचलं, ते काही छापून आलं नाही.

असं काही झालंच तर दोन शब्द पाठ करून ठेवा: ब्रेक फेल. यात कुणाचाच दोष नसतो. ब्रेक हा जणू घरातला वडीलधारा माणूस, त्याला वाटलं आणि तो गेला. शेवटचं सेटिंग कधी केलं होतं, लायनर किती उरला होता, हवेचा काटा कुठे होता, असलं सुतकात विचारत नाहीत.

तुम्ही ट्रेलरकडे वळणार असाल तर कंटेनरच्या चार कोपऱ्यांना त्याला गाडीशी जखडणारे ट्विस्ट लॉक असतात. चारही फिरवायचे तर खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारावी लागते. कंटेनरचं एवढं वजन असतं, तो जातोय कुठे, असं म्हणून दोनच फिरवा. वळणावर तो कुठे जातो, हे डावीकडच्या लेनमधल्यांना आपोआप कळतं.

ओव्हरलोडचा हिशेब मात्र वहीत मांडूनच करा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. सळया हौद्याबाहेर काढून नेल्या तर त्याचे वेगळे 20,000. आकडे मोठे आहेत खरे. पण रोज पकडतात कुठे? सळयांच्या टोकाला लाल फडकं बांधलं की आपलं कर्तव्य संपलं. मागच्याला निदान रंग तरी दिसेल.

वेग आवरणारा स्पीड गव्हर्नर ताशी 80 किलोमीटरला बांधलेला असतो, डंपर-टँकरना 60 ला. त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुमचा इलेक्ट्रिशियन बोलेल. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यावर मात्र बोललंच पाहिजे. आपल्या व्यवसायात एवढं मोठं संकट कधी आलं नव्हतं! मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ड्रायव्हर कसा टक्क जागा असायचा. आता गार वाऱ्यात त्याला झोप लागणार. अठरा तास स्टिअरिंगवर बसल्यानं झोप येते, हा गैरसमज आहे, तो पसरू देऊ नका.

टँकरवाल्यांनी एवढं करावं. मागे आणि दोन्ही बाजूंना माहितीचा फलक लावावा लागतो, आत काय आहे त्याचा नंबर त्यावर असतो. पेट्रोलचा 1203, एलपीजीचा 1075. टँकर उलटला तर अग्निशमन दलाला लांबूनच कळावं, पाणी मारायचं की फोम, की नुसतं लोकांना मागे हटवायचं. पेंटरला सांगून फलक एकदाच करून घ्या, माल बदलला तरी नंबर बदलत बसू नका. थोडी उत्सुकता राहिली पाहिजे.

आता पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याची सरकारी तपासणी. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी. ब्रेकची परीक्षा 250 मीटरच्या ट्रॅकवर घ्यावी असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, आपल्याकडे पुण्यात त्यासाठी शहराबाहेर दिवे नावाच्या गावापर्यंत गाडी न्यावी लागते. तिथे जाताना गाडी अशी दिसली पाहिजे की कंपनीवाल्यांनीही ओळखू नये. गुळगुळीत टायर काढा, भावाच्या गाडीचे चढवा. फर्स्ट एड बॉक्स शेजारच्याकडून आणा, त्यातल्या आयोडीनची तारीख मात्र बोटानं झाका. अग्निशामक नळकांडं असेल तर त्यावरची धूळ पुसा, काटा लाल पट्ट्यात असेल तर तो भिंतीकडे करा. दिवे सगळे लावून बघा, उजवा इंडिकेटर लागला की वायपर चालू होत असेल तर त्या दिवशी उजवीकडे वळू नका. संध्याकाळी ज्याचं त्याला परत. सुरक्षा हा एक दिवसाचा कार्यक्रम आहे, बाकीचे दिवस ते सामान दुसऱ्याच्या पासिंगला लागतं. ते अडवून ठेवणं बरं दिसत नाही.

गाडीचं स्वतःचं संरक्षण मात्र कायम हवं, तिथे काटकसर नको. पुढे लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी, मागे काळी बाहुली, खाली जुना बूट, आरशाला गोंडे. गोंड्यांमुळे डावा आरसा दिसत नाही अशी ड्रायव्हरची तक्रार येईल. डावीकडे तसंही दुचाकीवालेच असतात.

एवढं सांभाळलंत तर पाच-सहा वर्षांनी गाडी विकतानाही त्रास होणार नाही. जाहिरातीत लिहा: पासिंग चालू, इन्शुरन्स चालू, टायर 70 टक्के. बघायला येणारा टायरमध्ये नख घालून बघेल, इंजिनाचा धूर बघेल, स्प्रिंगचे पाटे वाकून मोजेल, केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवेल. मागच्या गार्डपर्यंत सहसा कुणी जात नाही. गेलाच, त्यानं हात लावला आणि तो हलला, तर मुळीच गडबडू नका. खांद्यावर हात ठेवून म्हणा, ‘अहो त्याचं काय घेऊन बसलात, पासिंगपुरता मिळतो. माणूस आपल्या ओळखीचा आहे, नंबर देऊन ठेवतो.’