त्या रात्रीचा एकही फोटो नाही

आज चिडून लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखन बघत बसू नका.

सकाळी एका सत्काराच्या कार्यक्रमाला जावं लागलं. कुणाचा, कुठे, ते सांगत नाही, कारण हे सगळीकडेच चाललंय. साडेनऊची वेळ दिलेली, प्रमुख पाहुणे उगवले सव्वाबाराला, आणि हा सगळा वेळ गेटपासून स्टेजपर्यंत दोन्ही बाजूंनी पंचवीस-तीस रोव्हर-रेंजर (म्हणजे स्काउट-गाईडमधली मोठी) पोरंपोरी उभी. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, गळ्यात स्कार्फ, हातात फुलांची ताटं, डोक्यावर सोलापूरचं मार्चमधलं ऊन. मांडव खुर्च्यांवर होता, पोरांवर नव्हता. माईकवरचा माणूस दर दहा मिनिटांनी ‘आपली सेवाभावी तरुणाई’ म्हणत होता आणि त्या तरुणाईला कुणी ग्लासभर पाणी विचारत नव्हतं.

बाराच्या सुमारास एक मुलगी ताटासकट खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. मी धावले, आणखी एका मुलीच्या मदतीने तिला उचलून झाडाखाली आडवं केलं, स्कार्फ सोडला, बेल्ट सैल केला, पाय वर धरले. पाच मिनिटांत डोळे उघडले तिने. अठरा-एकोणीसची असेल. घोट घोट पाणी पाजत मी सहज विचारलं, काय काय करता गं तुम्ही तुमच्या टीममध्ये? तर म्हणाली, ‘ताई, कार्यक्रम असला की बोलवतात.’

बास. हे एक वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

तुमच्यापैकी निम्मे जण माझ्याबरोबर स्कार्फ बांधून वाढलेत, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की स्काउट-गाईड शाळेत संपत नाही. पुढे मुलांचा रोव्हर क्रू असतो आणि मुलींची रेंजर टीम, पंचविशीपर्यंत राहता येतं, आणि आमचं ब्रीद एका शब्दाचं आहे, सेवा. ही मतदान करणारी, नोकऱ्या करणारी, कुणी घर चालवणारी माणसं असतात. त्यांनी काय काम करायचं ते त्यांची काउन्सिल ठरवते, गोल बसून, भांडून. लीडर शेवटी बोलतो. पद्धतच तशी आहे. आणि आपण त्यांना ताटं धरायला लावतोय.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट सांगते. काही जणांनी दहा वेळा ऐकलीये, अकराव्यांदा ऐका.

२०१५ ची आषाढी. पंढरपूरला चंद्रभागेच्या पलीकडे ते ६५ एकरचं मैदान आहे ना, दिंड्यांच्या राहुट्या पडतात ते, तिथे आमची ड्युटी लागली, आणि ती कसली तर संडासांची. पत्र्याच्या फिरत्या संडासांची लांबच लांब रांग आणि आम्हाला एकेक शिट्टी दिलेली, कुणी उघड्यावर बसताना दिसलं की वाजवायची. मी इतकी रडवेली झाले होते. दर्शनबारीवर ज्यांची ड्युटी लागली त्यांचा मला असा राग आला होता, की त्यांना पांडुरंग आणि मला हे. बाईंना म्हटलंसुद्धा, की बाई मी घरी काय सांगू? (बाई म्हणजे आमच्या रेंजर लीडर, शाळेत शिकवायच्या.) बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बादली उचलली आणि पहिल्या संडासात शिरल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या लक्षात आलं की बायका येतच नाहीयेत. पुरुष येतायत, बायका अंधार पडायची वाट बघतायत आणि मग लांब झाडोऱ्यात जातायत. शिट्टी कुणावर वाजवायची? माझ्या आजीच्या वयाच्या बाईवर, ती बसलेली असताना? आमच्यातली एकही मुलगी तयार होईना. रात्री काउन्सिल बसली, राहुटीतच, मेणबत्ती लावून. एकीने सांगितलं की तिने दुपारी दोन-तीन बायकांना सरळ विचारलं होतं. कारणं निघाली साधी. दाराला आतून कडी नाही. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, दीडदोनशे किलोमीटर चालून आलेल्या म्हाताऱ्या पायांना त्या चढवत नाहीत. आणि वाटेवर काळोख. बस, एवढंच. त्याच रात्री कामाला लागलो. प्रत्येक दाराला आतून सुतळीचा फास, तो खिळ्यात अडकवायचा. विटा मागून आणून पायऱ्यांच्या खाली एकेक जादा पायरी. आणि राहुट्यांपासून संडासापर्यंत बांबू रोवून कमरेएवढ्या उंचीवर दोर, क्लोव्ह हिचच्या गाठी मारत मारत, म्हणजे अंधारात दोर धरून चालता येईल. दर चार बांबूंना एक कंदील. शिट्ट्या आम्ही खिशात ठेवल्या त्या ठेवल्याच. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बायकांची रांग लागली होती. ती रांग बघून मला जो आनंद झाला तो मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

आता मला सांगा, कोणत्या परिपत्रकात लिहिलं होतं हे? कोण साहेब येऊन सांगून गेला होता? एकवीस-बावीसच्या पोरींनी ठरवलं आणि केलं. ताट धरून उभं राहणाऱ्या पोरीला हे कधी सुचणार, तिला कुणी विचारलंच नाही तर?

हां, कार्यक्रमांनाही माणसं लागतात, मान्य. आम्हीपण २६ जानेवारीच्या परेडला उभ्या राहायचो आणि आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू. पण परेड वर्षातून दोनदा आणि बाकी रविवार आमचे असायचे. उन्हाळ्यात एसटी स्टँडवर पाणपोई, रांजण धुण्यापासून आम्हीच. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर हरवलेल्या पोरांना सांभाळत बसायचं, आईबाप सापडेपर्यंत, आणि तोवर ते पोर आपल्या मांडीवर मुतलेलं असायचं. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर, मग पुढचे दिवस राहिलेल्या घरांना शोधत वस्तीत. विसर्जनाला निर्माल्य गोळा करायचं आणि ते वासाने नकोसं होईपर्यंत वेगळं करायचं, फुलं इकडे, थर्माकोल तिकडे, दोरे-प्लास्टिक तिसरीकडे. यातलं काहीही स्टेजवरून दिसत नाही, म्हणून आता ते कुणाला नको असतं.

सर्टिफिकेटसाठी येतात हो हल्लीची पोरं, हे मला आजच तिथे एकाने ऐकवलं. येतात, मग? रेल्वेत स्काउट-गाईडचा कोटा आहे, त्यात नोकरी लागली तर घर वर येतं. आमच्याबरोबरच्या रोव्हर क्रूमधला एक जण असाच लागला, त्याच्या आईने पेढे वाटले तेव्हा आम्ही सगळे रडलो होतो. गरीब घरच्या पोराने कागद मागितला तर त्यात चूक काय आहे? चूक त्याची आहे जो त्या कागदाची भीती घालून त्याला उन्हात उभं करतो. आजही तेच झालं. त्या चक्कर आलेल्या मुलीची मैत्रीण मला हळूच म्हणाली, ‘गेलो नाही तर सही मिळत नाही.’

दीक्षेच्या, म्हणजे रीतसर रोव्हर-रेंजर होण्याच्या आधी आत्मपरीक्षण असतं आपल्याकडे, आठवतंय ना? एकटीने शांत बसून स्वतःला विचारायचं, मी इथे काही मिळवायला आलेय की द्यायला. अठरा वर्षांच्या पोरांना हा प्रश्न विचारता ना तुम्ही, मग एकदा शाल-श्रीफळ घेणाऱ्यांनाही बसवा की कोपऱ्यात. मी खरंच खूप चिडलेय.

आणि हे आपलं काम मुळात सत्काराच्या मांडवात जन्मलेलंच नाही. भारतात स्काउटिंग आलं १९०९ ला आणि सुरुवातीला आपल्या मुलांना त्यात प्रवेशच नव्हता. मग ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला १९१८ मध्ये सेवा समितीची काढली. नावातच सेवा समिती. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झालं. ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांनी स्वतःचं दार बांधलं आणि त्यावर सेवा असं लिहिलं. आणि आज आपण पोरांना पाहुण्यांच्या दारात उभं करतो.

जाऊ दे. परत त्या रात्रीकडे येते, कारण मला खरं तर तेच लिहायचं होतं आणि मी मघापासून टाळतेय.

दशमीची रात्र, दोन-अडीच वाजले असतील. पाऊस पडून गेलेला, सगळा चिखल. रात्रपाळी माझी होती, कंदील घेऊन रांगेच्या टोकाला उभी होते. दोर धरून एक आजी येत होत्या, अगदी सावकाश. मध्येच थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या. जवळ गेले तर कळलं, त्यांना पोहोचता आलं नव्हतं. जुलाब लागले होते, लुगडं पूर्ण खराब झालेलं आणि त्या तोंडात पदर कोंबून रडत होत्या, आवाज येऊ नये म्हणून.

मला काही सुचेना. खरं सांगते, वास आला आणि मला उमासाच आला, मी तोंड फिरवलं. दोन सेकंद असेल. पण ते फिरवलेलं तोंड मला अजून आठवतं. तेवढ्यात बाई आल्या कुठूनतरी, त्या झोपायच्याच नाहीत बहुतेक. म्हणाल्या, ‘तू पाणी आण, गरम मिळालं तर बघ.’ एका दिंडीच्या चुलीवरून मी अर्धी बादली कोमट पाणी आणलं. बाईंनी आणि मी आडोसा करून आजींना धुतलं, माझी चादर गुंडाळली, आणि मग ते नऊवारी लुगडं मी नळावर धुवायला घेतलं. नऊ वार किती लांब असतं ते मला त्या रात्री कळलं. संपतच नव्हतं. बाईंनी तोवर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून घोट घोट पाजायला घेतलं होतं. प्रथमोपचाराच्या परीक्षेला मी हे प्रमाण पाठ म्हणून दाखवलं होतं, पण ते कुणाच्या पोटात जातं हे त्या रात्री बघितलं. पहाटे आरोग्य पथकाच्या तंबूत नेलं त्यांना.

जाताना त्यांनी माझा हात धरला आणि वाकल्या. माझ्या पाया पडल्या हो. सत्तरीच्या बाई, मी एकोणीसची. मी मागे सरले तर म्हणाल्या, ‘माउली, कुणाला सांगू नगं बरं, दिंडीत कळलं तं लाज जाईल माझी.’

नाही सांगितलं. कुठल्या गावच्या, कुठली दिंडी, मला आजही माहीत नाही, विचारलंच नाही. कॅम्प संपल्यावर सेवेचा अहवाल लिहायचा असतो, त्यात मी ‘रात्रपाळी, स्वच्छता’ एवढंच लिहिलं. कित्येक वर्षं मी दोराची आणि कड्यांचीच गोष्ट सांगत होते, ही कुणालाच नाही, घरीसुद्धा नाही. आज लिहिताना हात अडखळतोय. आपल्या नियमांत पहिलाच नियम विश्वासाला पात्र असण्याचा आहे. नाव नाही, गाव नाही, म्हणजे शब्द मोडत नाहीये असं मी मला समजावतेय. आजी, चुकत असेन तर माफ करा.

त्या रात्रीचा एकही फोटो नाही. आजच्या कार्यक्रमाचे दुपारपर्यंत ग्रुपवर चौसष्ट आले. त्यातल्या एकात ती मुलगी आहे, पडायच्या थोडी आधीची, चेहरा पांढरा पडलेला स्पष्ट दिसतोय, आणि खाली लिहिलंय ‘रोव्हर-रेंजर यांनी बजावली उत्कृष्ट सेवा’. फोटो टाकणाऱ्याला तो चेहरा दिसला नसेल का?

कुणी म्हणेल की एवढं वाटतं तर स्वतः का नाही करत काही. बरोबर आहे. लग्न, नोकरी, पोर, सहा वर्षांत मी एकाही मीटिंगला गेले नाही. स्कार्फ कपाटात आहे, मुलाने शाळेच्या नाटकात एकदा वापरला होता. हे लिहून मी त्यातून सुटत नाही, माहितीये मला.

निघताना त्या मुलीला माझा नंबर देऊन आले होते, घरी पोचलीस की कळव म्हणून. आत्ता, पोस्ट लिहिता लिहिताच, तिचा मेसेज आला. ‘ताई आता बरं वाटतंय. तुम्ही संडासाच्या दोराचं सांगत होता ते मी मैत्रिणींना सांगितलं. उद्या रविवार आहे, आम्ही पाच जणी येऊ शकतो. कुठे यायचं आणि काय करायचं ते सांगा.’

मी लगेच बाईंना फोन लावला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं, झोपल्या असतील असं वाटलं होतं, पण उचलला. सगळं सांगितलं, विचारलं, बाई, काय काम देऊ पोरींना? पाणपोईचं सुचवू का, उन्हाळा लागलाच आहे. बाई म्हणाल्या, ‘तू कशाला सांगतेस? त्यांना विचार, त्यांना रोज येता-जाता काय खटकतं ते. आणि मला रिक्षाने न्यायला ये.’

तसंच लिहून पाठवलंय तिला. टायपिंग दिसतंय मघापासून. बराच मोठा मेसेज लिहितेय वाटतं.