मसाई म्हणजे अख्खा केनिया नव्हे

लाल शाल पांघरून हवेत उंच उडी घेतलेला तरुण आणि खाली मजकूर: ‘केनियाचे लोक आजही गाईचं रक्त पिऊन जगतात. सगळ्यांत उंच उडी मारणाऱ्याला बायको मिळते. यांचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही.’ नातेवाइकांच्या, सोसायटीच्या ग्रुपवर हे फिरतंय. एका देशाच्या लोकांबद्दल इतकं चुकीचं वाचून गप्प बसवत नाही.

फोटोतला तरुण मसाई या गुरं पाळणाऱ्या समाजातला आहे. २०१९च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या सुमारे ४ कोटी ७५ लाख भरली, त्यात मसाई १२ लाखांच्या आत. म्हणजे शंभरात जेमतेम अडीच. किकुयू ८० लाखांच्या वर आहेत, शिवाय लुह्या, कालेंजिन, लुओ, कांबा असे चाळीसहून अधिक समाज. नुसतं बारसं घ्या. किकुयूंमध्ये पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. लुओंमध्ये जन्माची वेळच नावात उतरते: रात्री झालेला मुलगा ओतिएनो, मुलगी अतिएनो, पावसात झालेला ओकोथ. या सगळ्यांना एकाच फोटोत कसं कोंबायचं?

रक्ताचं म्हणाल तर मसाईंमध्ये ती चाल आहे, पण त्यासाठी गाय मारत नाहीत. मानेची शीर फुगवून बाणाने बारीक भोक पाडतात, थोडं रक्त घेतात आणि जखम बंद करतात. ते दुधात मिसळून सणसमारंभाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. रोजचं पोट भरतं ते दूध, चहा आणि उगालीवर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्यावर.

आणि ती उडी? त्या नाचाला अदुमू म्हणतात. मोरान, म्हणजे तरुण योद्धे, वयाची पुढची पायरी चढतात तेव्हाच्या एउनोतो सोहळ्यात तो रंगतो. ताकद दिसते, मुली बघतात, हे खरंच. लग्न मात्र दोन घरची वडीलधारी मंडळी बसून, मुलाकडच्यांनी द्यायच्या गाईंची बोलणी करून ठरवतात.

सगळ्यांत जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य. केनियातल्या घरांत चपाती होते आणि तिचं नावही चपातीच. कणीक लाटायची, तेल लावून गुंडाळायची, चकलीसारखा वेढा करून पुन्हा लाटायची, मग पदर सुटतात. कित्येक घरांत ती नाताळची खास गोष्ट असायची. चहा दूध-साखर घालून उकळलेला, आणि त्याला म्हणतात ‘चाय’. स्वाहिली या तिथल्या भाषेत मोटारीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला भारतातून हजारो मजूर गेले, व्यापारी तर त्याआधीपासून किनाऱ्यावर होते. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.