अडीचशे रुपयांच्या पेनात डीएनए?

पलूसच्या आमच्या आत्तीनं आठ दिवस झाले पाणी उकळायचं बंद केलंय. विचारलं तर म्हणाली, "पेनात तीनशेच येतंय की रं, गॅस कशाला जाळायचा?" पेन म्हणजे पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं पेनासारखं यंत्र, २५० रुपयांचं. त्याच्यासोबत गावभर फिरणारा मेसेज असा: 'हे सेन्सर पाण्यातल्या घातक जंतूंचा डीएनए पकडतं. आकडा ५००च्या आत म्हणजे जंतू शून्य. उकळू नका, टीसीएलही नको.' (टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर.)

अहो, ते साधं टीडीएस मीटर आहे! टोकाला धातूच्या दोन काड्या. पाण्यातून वीज किती जाते त्यावरून क्षारांचा अंदाज. बस्स. आत्तीच्या कट्ट्यावरच करून दाखवलं. नळाच्या पाण्याचा तांब्या: ३१०. त्यात गोठ्यापुढच्या डबक्यातले चार थेंब टाकले, तरी आकडा जवळपास तिथंच. मग दुसऱ्या तांब्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर आकडा हजारापार! म्हणजे मीठ घातक आणि शेणाचं डबकं निर्मळ. आत्ती गप्प.

तो ५०० आला कुठून? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातून, आयएस १०५००. त्यात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण त्याच मानकात जंतूंचा तक्ता वेगळा आहे: १०० मिली पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडता कामा नये. मेसेजवाल्यानं पहिला तक्ता वाचला आणि दुकान मांडलं.

डीएनए पकडणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतात, हे मात्र मान्य करावं लागेल. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा एक धागा चिकटवलेला असतो. जंतूचा जुळणारा धागा त्याला बिलगला की विजेचा संकेत बदलतो. पट्टी स्वस्तही पडू शकते. पण त्याआधी जंतू फोडायचा, डीएनए बाहेर काढायचा, बहुतेक वेळा ६५ अंशांच्या आसपास तापवत ठेवून त्याच्या प्रती वाढवायच्या. वर मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात दिसू शकतो.

मेसेजात पुढं, हे पेन 'शुगरच्या मशीनसारखंच' म्हणे. रक्तात १०० मिलीला १०० मिलिग्रॅमच्या आसपास साखर असते. इथं तेवढ्याच पाण्यात दोन-चार जंतू शोधायचेत.

टीसीएल नको म्हणणाऱ्यानं २०१९च्या पुरानंतरच्या विहिरी पाहिल्या नसाव्यात. गावचं पाणी तपासणारा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. जंतूंची शंका असेल तर एच२एसची बाटली आहे; एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं की जंतू आहेत समजायचं.

मेसेजातल्या 'सरकार हे लपवतंय' यावर काय बोलायचं? मेसेजच्या तळाशी पेन मागवायचा नंबर आहे.